आवाजाचा दुभाषी



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहावे आणि बोनस, कंत्राटी कामगार, किमान वेतन हे सारे सोडून संगणकाला जोडायच्या एका पेटीवर बोलावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. संयोजकांनाही वाटले. आमचे शिक्षण म्हणाल तर शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही झाले ते रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर, आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी. ध्वनिमुद्रणाचे शास्त्र मात्र आम्ही शिकलो ते एक आवाज कायमचा बिघडवून. तेव्हा त्या प्रसंगापासूनच सुरुवात केलेली बरी.

८ मे १९७४ रोजी रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला आणि २७ मे रोजी तो मागे घेण्यात आला. सुमारे १७ लाख कामगार त्यात उतरले, हजारोंना अटक झाली, ठिकठिकाणी बायकामुलांना क्वार्टर्समधून बाहेर काढण्यात आले. नेत्यांची भाषणे छापून निघाली. पण दौंडसारख्या जंक्शनच्या गावात त्या वीस दिवसांत चूल कशी पेटली, हे ज्यांनी ती पेटवली त्यांना कोणी विचारले नाही. आम्ही त्या वेळी पाळण्यात होतो. पन्नाशी उलटल्यावर लक्षात आले की, ज्यांना विचारायचे ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून एक लॅपटॉप, एक माइक आणि स्वस्तात मिळालेली एक पेटी घेऊन आम्ही दौंडला एका निवृत्त गँगमनच्या घरी गेलो. मावशींचे यजमान वारले होते. बोलायच्या त्या स्वतः. शेजारच्या काकू सोबतीला बसल्या होत्या.

मावशींचा आवाज बारीक. म्हणून आम्ही पेटीवरचे बटण पार उजवीकडे फिरवले. माइकसाठी सॉकेट एकच. त्यामुळे काकूंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. तासभर बरे चालले. मग क्वार्टर खाली करायला सांगितल्याचा प्रसंग आला, आणि त्या दिवशी बायकांनी दारात उभे राहून जी घोषणा दिली ती मावशींनी पन्नास वर्षांनी तशीच, त्याच छातीने दिली. पेटीवर लाल दिवा लागला असणार. आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

घरी येऊन ऐकतो तो नेमका तेवढाच भाग फाटलेला. जुन्या पत्र्यावर खडे ओतावेत तसा आवाज. आजकाल असे आवाज दुरुस्त करणारी सॉफ्टवेअरे आहेत, तीही लावून पाहिली. पण जे आत आलेच नाही ते सॉफ्टवेअर अंदाजाने भरते, आणि मावशींच्या तोंडी अंदाजाने काही घालायचा आम्हांला अधिकार नव्हता. पुन्हा जायचे ठरले होते. त्याआधीच मावशी गेल्या.

त्यानंतर आम्ही या पेटीचा अभ्यास सुरू केला. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माइकमधून येते ती विजेची अगदी क्षीण लहर. संगणकाला कळतात फक्त आकडे. या दोघांच्या मध्ये ही पेटी बसते. वाटाघाटीत परदेशी मालक आणि आपले कामगार यांच्यामध्ये दुभाषी बसतो ना, तसेच हे. त्याने पदरचे काही घालू नये, कोणाचे वाक्य गिळू नये आणि उगाच वेळ लावू नये. पेटीची पारख याच तीन गोष्टींवर करावी, असे आमचे मत आहे.

पदरचे घालणे म्हणजे सळसळ. माइकची लहर मोठी करणारा वर्धक हलका असला की बटण वाढवताच मागे पाऊस पडू लागतो. गायकांच्या हातात नेहमी दिसतो तो डायनॅमिक माइक दणकट असतो आणि खोलीतला गोंगाट कमी उचलतो; पण मंद बोलणाऱ्या माणसासाठी त्याला ५५ ते ६० डेसिबलपर्यंत वर्धन लागते. तेवढे देऊनही जी पेटी शांत राहते ती घ्यावी. कंडेन्सर माइक असेल तर त्याला पेटीतून ४८ व्होल्ट पुरवावे लागतात. त्याला फँटम पॉवर म्हणतात. भुताचा काही संबंध नाही.

गिळणे म्हणजे आमच्या हातून झाले ते. आमची पेटी १६ बिटांची होती. म्हणजे आवाजाची उंची मोजायला तिच्याकडे ६५,५३६ पायऱ्या. चोवीस बिटांच्या पेटीत त्या १,६७,७७,२१६ होतात. आता एवढ्या पायऱ्या माणसाचा कान मोजतो थोड्याच! फायदा निराळा आहे. पायऱ्या भरपूर असल्या की मुद्रण मुद्दाम खालच्या पट्टीत करता येते. बोलण्यातले चढ उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावेत, म्हणजे कोणी एकदम घोषणा दिली तरी डोके छताला लागत नाही. नंतर आवाज वाढवता येतो. फाटलेला मात्र शिवता येत नाही. अलीकडे ३२-बिट फ्लोटची यंत्रे निघाली आहेत, त्यांत ही चूक होणे जवळजवळ अशक्यच. त्या दिवशी तसे यंत्र असते तर, हा विचार आम्ही पुष्कळ वेळा केला आहे.

उलट ९६ हजार की १ लाख ९२ हजार, या आकड्यांच्या जाहिरातीला भुलू नये. माणसाला साधारण २० हजार कंपनांपर्यंत ऐकू येते आणि त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने सेकंदाला घेतले की काम भागते. १९८२ साली बाजारात आलेली सीडी ४४,१०० वर चालली. आपण ४८ हजारांवर थांबावे. चोवीस बिटांत दोन माइकचे तासभराचे मुद्रण सुमारे एक गिगाबाइट होते. हा बोजा वाहायला जुने यूएसबी २.० देखील पुरून उरते.

वेळ लावण्याची अडचण गाणाऱ्यांना. स्वतःचा आवाज कानात उशिरा पडला तर ताल सुटतो. पेटीवर थेट ऐकण्याची सोय असली की हा प्रश्न मिटतो. मुलाखत घेणाऱ्याने याची फिकीर करू नये.

आता सॉकेट किती? दोन. यावर आम्ही तडजोड करणार नाही. आपल्या जिल्ह्यात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्यांचे फार मोठे काम उभे केले. एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या. मुळशीच्या आहेत, तशा आपल्या शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्याही आहेत. २०१७ पासून ‘पारी’ने त्या जगापुढे ठेवल्या. यूएसबी निघाली १९९६ साली. त्या काळी या कामाला निराळे टेपयंत्र खांद्यावर वाहावे लागे. आता जात्यावर दोघी बसतात, एकीने ओवी धरली की दुसरी उचलते. मुलाखतीतही दोघे असतात. बाईची आठवणसुद्धा शेजारणीशी बोलताना जागी होते. एक सॉकेट म्हणजे दोघींतल्या एकीला आधीच गप्प बसवणे. चार-आठ सॉकेटची पेटी भजनी मंडळाने खुशाल घ्यावी. दोन सॉकेटवाल्यांत फोकसराइट, बेहरिंगर वगैरेंच्या पेट्या मध्यम मोबाइलच्या किमतीत येतात. सॉकेट मात्र तीन पिनांच्या माइकची आहेत ना, हे दुकानात डोळ्यांनी पाहावे. दोन म्हणून सांगतात आणि त्यांतले एक गिटारचे निघते, तसे आमचे निघाले होते.

फिरतीवर जाणाऱ्याने आणखी एक पाहावे: पेटी लॅपटॉपच्याच विजेवर चालली पाहिजे. चार्जर लावला आणि घराला अर्थिंग नीट नसले की ५० कंपनांची गुणगुण आत शिरते. चार्जर काढा, गुणगुण बहुधा जाते. मोबाइलला जोडायची असेल तर सगळेच मोबाइल पुरेशी वीज देत नाहीत; पॉवर बँकेसाठी वेगळे सॉकेट असलेली पेटी पाहावी. जुनी पेटी घेताना ती आजच्या संगणकावर चालते का, हे लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फायरवायरच्या उत्तम पेट्या आज मातीमोल विकल्या जातात, कारण ती पिन लावायला नव्या लॅपटॉपला जागाच नाही.

पैसे उरले तर ते महाग पेटीत न घालता केबल आणि माइकच्या स्टँडवर घालावेत. खोलीला खर्च नाही. भिंतीला दोन गोधड्या टांगा, माइक तोंडापासून वीतभर ठेवा. दौंडला मध्येच गाडीची शिटी येते. आमचे तरुण सहकारी ती पुसून टाकायला निघाले होते, आम्ही पुसू दिली नाही. त्या घरात पन्नास वर्षे शिटी वाजतेच आहे.

कोणी म्हणेल, एवढे करण्यापेक्षा खिशातला मोबाइल काय वाईट? वाईट नाही. तो आवाज आपल्या मनाने वरखाली करतो, माणूस थांबला की मागचा पंखा पुढे आणतो, हे दोष आहेत. पण घरात आजी असेल आणि पेटी पुढच्या महिन्यात येणार असेल, तर आज रात्रीच मोबाइलवर घ्या. आम्ही चांगल्या साधनासाठी थांबायला सांगत नाही. मावशींचा फाटका तासही आमच्यापाशी आहे, आणि उरलेल्या भागात त्या स्पष्ट बोलतात.

घेतलेल्या आवाजाच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी. आणि बोलणाऱ्याची संमती त्याच्याच आवाजात आधी मुद्रित करावी. कामगाराचा अंगठा न वाचलेल्या कागदावर घेणाऱ्यांशी आम्ही आयुष्यभर भांडलो, तेच आम्ही कसे करावे?

युनियनने वर्गणी काढून आता दोन सॉकेटची, चोवीस बिटांची पेटी घेतली आहे. ती कचेरीत नोंदवहीवर सही करून कोणालाही दोन दिवस नेता येते. सभासद असण्याची अट नाही. येत्या रविवारी ती दौंडला जाणार आहे, त्याच शेजारच्या काकूंकडे. या खेपेस त्यांना स्वतंत्र माइक आहे. त्यांनी दोन अटी घातल्या आहेत: आधी जेवायचे, आणि पंखा बंद करायचा नाही. जेवणाची अट आम्ही तात्काळ मान्य केली. पंख्याबाबत वाटाघाटी चालू आहेत.