फोन घ्या, पण वाण पाहून घ्या
(अहेरी येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठक कापसाच्या भावाची आणि हा माणूस मोबाईलवर बोलायला उभा राहिला, म्हणून काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. पण कापूस विकायचा रस्ताच आता मोबाईलमधून जातो, त्याला आपण काय करणार? २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला. तो घ्यायचा तर सीसीआयने अट घातली की आधी 'कपास किसान' नावाच्या अ‍ॅपवर नोंदणी करा, मग दिवस ठरवून घ्या, मग गाडी आणा. नोंदणीला आधार लागते, सातबारा लागतो आणि पेऱ्याची नोंद लागते. पेऱ्याची नोंद कुठून येते? ई-पीक पाहणीतून. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर लागू झाली. आपल्या वावरात उभे राहायचे, पिकाचा फोटो काढायचा आणि तो मोबाईलमधून पाठवायचा. म्हणजे पऱ्हाटी वावरात उभी आहे हे साऱ्या गावाला दिसते, पण फोनला दिसले नाही तर सरकारला दिसत नाही.

म्हणून आज बटनाचा फोन सोडून टचचा मोबाईल घ्यायचा विचार घरोघरी चालू आहे. पोरगा म्हणतो हा घ्या, दुकानदार म्हणतो तो घ्या. मी शेतीचा पदवीधर, मोबाईलचा नाही. पण बियाण्याची पिशवी जशी पाहतो तशी ही वस्तूही पाहता येते. आपण पिशवीवरचे चित्र पाहून बी घेत नाही. जमीन हलकी की भारी, पाणी किती, वाण किती दिवसांचा, हे विचारतो. फोनलाही तेच विचारायचे.

वाण म्हणजे काय?

प्रत्येक फोनच्या आत एक कारभारी प्रणाली असते. बाहेरची काच आणि डबा ही पिशवी, आतली प्रणाली हे बी. आज बाजारात मुख्य दोनच वाण उरले आहेत. एक गूगलचे अँड्रॉइड, ते अनेक कंपन्यांच्या फोनांत असते. दुसरे अ‍ॅपलचे, ते फक्त आयफोनमध्ये असते. आपल्या देशात शंभरातले नव्वदाहून जास्त फोन अँड्रॉइडचे आहेत.

बाकीचे वाण कुठे गेले? बाजारातून उठले. नोकियाचे सिंबियन फोन आठवतात? दणकट होते, बांधावर आपटले तरी चालायचे. २०१७ साली त्यांच्यावरचे व्हॉट्सअ‍ॅप बंद झाले. विंडोजचे फोन आले, त्यांचे २०१९ च्या अखेरीस बंद झाले. २०१७ सालीच १,५०० रुपये अनामतीवर जिओफोन आला. त्यात कायओएस नावाचा तिसराच वाण होता. २०१८ साली त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आले, तेव्हा लोकांना वाटले की आता मोठ्या फोनची गरजच नाही. २०२४ च्या जूनपासून ते नव्याने मिळेनासे झाले आणि २०२५ च्या सुरुवातीला जुन्यांचेही गेले. फोन शाबूत, बटने शाबूत, बॅटरी शाबूत, पण काम बंद.

यातून एकच गोष्ट शिकायची. फोन मोडण्याआधी वाण मरतो. घेताना विचारायचे ते हेच, की या फोनला कंपनी किती वर्षे सुधारणा पुरवणार आहे. सुधारणा म्हणजे फोनची प्रतिकारशक्ती. बीटी कपाशी २००२ साली आली तेव्हा बोंडअळी तोंड लावत नव्हती. पुढे गुलाबी बोंडअळीने ती ताकद मोडून काढली. फोनचेही तसेच आहे. चोर रोज नवी वाट शोधतात आणि सुधारणा थांबलेला फोन त्यांच्यापुढे उघडा पडतो. ज्या फोनवर बँकेचे खाते आहे, तो असा उघडा ठेवायचा नाही. दुकानात तीन वर्षांपूर्वीचा पडून राहिलेला माल स्वस्तात देतात, तो मुदत संपत आलेल्या बियाण्यासारखा समजा.

आयफोन घ्यावा का? कुणाचा मुलगा पुण्याहून आपला जुना आयफोन बापाला पाठवतो. फुकट आला म्हणून नाही म्हणू नका, पण दोन गोष्टी पाहा. आपल्याला लागणारी अ‍ॅप्स त्या जुन्या फोनवर उतरतात का, आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार? काच फुटली म्हणून अहेरीहून शंभरावर किलोमीटर चंद्रपूरला जायचे, तर गाडीभाडे आणि एक दिवसाची मजुरी फोनच्या किमतीत धरा. ज्या कंपनीचा माल आलापल्लीच्या, अहेरीच्या दुकानदाराला उघडता येतो, तो आपल्या जमिनीचा वाण. आणि शेजाऱ्याकडे ज्या वाणाचा फोन आहे तोच आपण घेतला, तर अडल्यावर शिकवणारा घराशेजारी मिळतो. हा फायदा कोणत्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो.

रेंज आधी, कॅमेरा नंतर

दुकानदार कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो. तुम्ही रेंजपासून करा. आपल्या भागात नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या योजनेतून बीएसएनएलचे टावर उभे राहिले, ते आधी टू-जीचे होते. बोलणे व्हायचे, फोटो जायचा नाही. देशातले असे २,३४३ टावर फोर-जी करायला केंद्राने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या फोर-जीचे उद्घाटन झाले, तेव्हा साडेसत्त्याण्णव हजारांवर टावरांचा आकडा सांगितला गेला. आपल्या गावच्या टावरवर ते पोचले की नाही, हे आकड्यावरून कळत नाही. ते गावात उभे राहूनच पाहावे लागते.

आता नीट ऐका. टावरच्या लहरी जाड आणि बारीक असतात. जंगलात ढोलाचा आवाज दूरवर जातो, शिट्टीचा तितका जात नाही. तसे कमी आकड्याची लहर झाडीतून लांब पोचते. बीएसएनएलच्या फोर-जीला ७०० ची लहर आहे, तिला बँड २८ म्हणतात. जिओची ८५०, म्हणजे बँड ५. एअरटेलची ९००, म्हणजे बँड ८. फोनच्या माहितीपत्रकात हे बँड लिहिलेले असतात. प्रत्येक स्वस्त फोनात बँड २८ असतोच असे नाही. गावात बीएसएनएलच असेल आणि फोनात तो बँड नसेल, तर पेरणी झाली आणि पाऊसच नाही अशी गत. पोराला दुकानात हाच प्रश्न विचारायला लावा. फाइव्ह-जीसाठी जास्त पैसे मोजायची घाई नको. आपल्या कामाला चांगले फोर-जी पुरते.

प्राणहितेच्या काठच्या लोकांचा फोन कधी पलीकडच्या तेलंगणातल्या टावरला चिकटतो. घाबरू नका, देशात कुठेही आलेल्या फोनला पैसे पडत नाहीत. आणि जागा दाखवणारे जीपीएस टावरवर नाही, उपग्रहांवर चालते. ई-पीक पाहणीत जागा चुकीची दाखवत असेल, तर झाडाखालून बाहेर या, उघड्या आभाळाखाली पाच मिनिटे थांबा, मग फोटो काढा.

बाकीचे थोडक्यात सांगतो. रॅम चार जीबीच्या खाली नको आणि साठवण चौसष्टच्या खाली नको, नाहीतर सुप्रभातची फुले येऊन फोन सहा महिन्यांत तुंबतो. बॅटरी पाच हजारांची पाहा, कारण वीज आपल्या मर्जीने येत नाही. पडदा उन्हात दिसतो का, हे दुकानाबाहेर रस्त्यावर येऊन पाहा. खोक्यात चार्जर आहे का, तेही विचारा. अनेक कंपन्यांनी तो देणे बंद केले आहे.

जुना घ्यायचा असेल तर चोरीचा नाही ना, हे पाहा. फोनवर *#०६# दाबले की पंधरा आकडी क्रमांक दिसतो. केवायएम ही इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. पावतीशिवाय घेऊ नका.

फोन बदला, नंबर बदलू नका

हे सगळ्यात मोठे. तुमचा नंबर आधारला जोडलेला आहे, बँकेला जोडलेला आहे, पीएम किसानला जोडलेला आहे. नव्या फोनबरोबर दुकानदार नवे सिम देतो आणि जुने ड्रॉवरमध्ये पडते. रिचार्ज न केलेला, न वापरलेला नंबर तीन महिन्यांनंतर काढून घेतला जाऊन दुसऱ्याला जाऊ शकतो. मग तुमचा ओटीपी परक्याच्या हातात. कंपनी आवडत नसेल तर कंपनी बदला, नंबर तोच ठेवा. ही सोय २०११ पासून देशभर आहे. टू-जीचे सिम बदलून फोर-जीचे घेतले, तर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. म्हणून नोंदणीच्या शेवटच्या दिवशी सिम बदलायला जाऊ नका.

बटनाच्या फोनमधले नंबर आधी सिमवर उतरवून घ्या आणि महत्त्वाचे पंचवीस-तीस वहीत लिहा. वही कधी हँग होत नाही.

फोन हातात आला की चोरही दारात येतात. 'पीएम किसान' नावाची फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर येते, शेवटी एपीके लिहिलेले असते. तिला हात लावू नका. सरकारी अ‍ॅप प्ले स्टोअरमधूनच घ्या. पैसे गेलेच तर त्याच घडीला १९३० वर फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

हिशेब कापसात करा

दहा हजारांच्या आसपासचा फोन म्हणजे सव्वा क्विंटलहून जास्त कापूस. पण खरा खर्च पुढे आहे. यांचा महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षात १३ रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा रिचार्ज २३९ वरून २९९ वर गेला. तेरा वेळा केला की ३,८८७ रुपये. अर्धा क्विंटल कापूस दरवर्षी. ज्वारीत मोजाल तर २०२५-२६ च्या ३,६९९ च्या हमीभावाने एक क्विंटल भरून वर काही किलो, आणि हमीभाव मिळाला तर! घरात तीन फोन असतील तर तिप्पट. म्हणून इंटरनेट एकाच फोनवर ठेवा. नुसते बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे पॅक द्यावेत, असा आदेश दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये काढला आहे. म्हाताऱ्यांच्या बटनाच्या फोनला तेच मागा.

तो एक फोन कुणाच्या हातात असेल? पोराच्या खिशात आणि पोरगा चंद्रपूरला, असे नको. कापूस वेचणारी बाई, निंदण करणारी बाई, तिला पिकाचा फोटो काढता आला पाहिजे, विजेचा इशारा देणारे 'दामिनी' उघडता आले पाहिजे. ढग दाटले की वावरात तीच असते. वाचता येत नसेल तर बोलून काम होते. फोन मराठी ऐकतो, तेलुगूही ऐकतो.

ज्याला घ्यायचा नाही त्याचे काय?

मी फोन विकायला आलेलो नाही. ज्याला परवडत नाही किंवा ज्याच्या गावाला रेंजच नाही, तो शेतकरी नाही काय? त्याचा कापूस पांढरा नाही काय? किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर बटनाच्या फोनवरून फुकट लागतो आणि मराठीत बोलतो. बटनाच्या फोनवरून पैसे पाठवायची सोय रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सुरू केली. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० साली सीजीनेट स्वर सुरू झाले. साध्या फोनवरून गोंडीत बातमी सांगा आणि गोंडीत ऐका. म्हणजे मनात असले तर साध्या फोनवरही कारभार चालवता येतो. सरकारला जमत नाही असे नाही.

म्हणून आपले म्हणणे स्पष्ट असू द्या. फोन ही सोय आहे, ती विक्रीची अट होऊ नये. ई-पीक पाहणीत शेतकऱ्याची मुदत संपल्यावर गावच्या सहायकाने नोंद करायची असते. तो सहायक कोण, हे गावाला ठाऊक पाहिजे आणि तो वावरात आला पाहिजे. खरेदी केंद्रावर कागदावर नोंदणी करून देणारी एक खिडकी पाहिजे. रेंज नसलेल्या गावाला मुदत वाढवून मिळाली पाहिजे.

आणि हे मागताना हात रिकामे नकोत. येथून गेल्यावर प्रत्येक गावाने एक यादी करावी. किती घरांत टचचा फोन आहे, कोणत्या कंपनीची रेंज कोणत्या धुऱ्यावर येते, कुणाची नोंद राहिली. ज्याच्याकडे फोन आहे त्याने न नोंदलेल्या दोन शेजाऱ्यांची नोंद करून द्यावी, त्यांच्या वावरात, त्यांच्यासमोर. नोंद न झालेल्यांची यादी सरपंचाची सही घेऊन तहसीलला द्यावी आणि पोच घ्यावी. पुढच्या बैठकीत भाषण नको, या याद्याच टेबलावर मांडू. एटापल्लीची, सिरोंच्याची, कोरपन्याची, जिवतीची, सगळ्यांची.