वाहत्या रस्त्यावरील पूल

नदीवर पूल बांधणाऱ्या अभियंत्याला निसर्गाने एक सवलत दिलेली असते. पावसाळा सरला म्हणजे पाणी ओसरते, पात्र उघडे पडते आणि दसऱ्यापासून मृगापर्यंतचे सात-आठ महिने पाये खणण्यास व खांब उभारण्यास मोकळे मिळतात. रस्त्याला असा उन्हाळा नसतो. दिल्लीचा रिंग रोड किंवा धौला कुआंवरून गुडगावकडे जाणारा महामार्ग वर्षाच्या कोणत्याही महिन्यात आटत नाही. त्याला ओहोटी येते ती फक्त रात्री, आणि तीही चार-पाच तासांची. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे तो या चार-पाच तासांत बांधल्या जाणाऱ्या पुलांचा.

दिल्ली मेट्रो रेल्वे महामंडळाची स्थापना १९९५ साली झाली, प्रत्यक्ष बांधकामास १९९८ च्या ऑक्टोबरात आरंभ झाला आणि शाहदरा ते तीस हजारी हा पहिला मार्ग २४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाला. जुन्या शहराच्या दाट वस्तीत मार्ग जमिनीखालून नेला गेला, पण रस्ते जेथे रुंद होते तेथे तो खांबांवरून नेण्यात आला. याचे कारण उघड आहे: भुयारापेक्षा खांबांवरील मार्ग पुष्कळच स्वस्त पडतो. मात्र पैशाची ही बचत दुसऱ्या कोणाकडून तरी वसूल होते. भुयाराचे काम कोणाच्या दृष्टीस पडत नाही. खांबांवरील मार्गाचे काम रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर चाललेले असते.

या कामाचा सर्वांत नियमित साक्षीदार म्हणजे बसने रोज कचेरीत जाणारा प्रवासी. त्याला प्रथम दिसतात ते रस्त्याच्या मध्यभागी ओळीने उभे राहिलेले पत्रे. दोन मार्गिका पत्र्यांआड जातात, बस खोळंबते आणि प्रवासी चडफडतो. पत्र्यांआड पुढील काही महिने काहीच घडत नाही, असे त्याला वाटते. वस्तुतः सर्वांत किचकट काम याच वेळी चाललेले असते. दिल्लीच्या रस्त्याखाली पाण्याचे नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा यांचे जाळे आहे, आणि त्यांतील पुष्कळ गोष्टी कागदावरील नकाशात दाखविलेल्या जागी सापडत नाहीत. म्हणून यंत्र लावण्यापूर्वी मजुरांकडून हाताने चर खणून घ्यावे लागतात. त्यानंतर जमिनीत खोल विवरे पाडली जातात, त्यांत सळ्यांचे पिंजरे उतरवले जातात आणि काँक्रीट ओतले जाते. जमिनीतील या स्तंभांना ‘पाइल’ म्हणतात. यमुनेने आणून टाकलेल्या गाळाच्या मातीत ते बरेच खोल न्यावे लागतात. चार किंवा अधिक पाइलांची डोकी एका जाड काँक्रीटच्या ठोकळ्याने बांधली जातात आणि त्या ठोकळ्यावर खांब चढतो. प्रवाशाला दिसतो तो हा खांबच.

खांबावर टोपी बसते. टोपी म्हणजे दोन्ही बाजूंस बाहेर आलेला काँक्रीटचा माथा. पुढे रुळांचा सारा भार तिच्यावर यायचा असतो. खांब मार्गाच्या बरोबर मध्यरेषेखाली असेल तर टोपीच्या दोन्ही बाजू एकमेकींना तोलून धरतात. परंतु खाली रस्त्याची मार्गिका किंवा नाला आडवा आला तर खांब एका बाजूस सरकवावा लागतो, आणि मग टोपी घराच्या सज्जाप्रमाणे एकाच बाजूस पुढे येते. सज्जा वाकू पाहतो तेव्हा त्याला मागे खेचून धरण्याचे काम आतील पोलाद करते. ही बाब येथे लक्षात ठेवावी. तिचा उल्लेख पुन्हा यावयाचा आहे.

दोन टोप्यांमधील तुळई जागेवर ओतली जात नाही. वाहत्या रस्त्यावर परांची बांधून सेंटरिंग करणे शक्य नसते. शहराबाहेर एखाद्या मोकळ्या मैदानात तुळईचे तीन-तीन मीटर लांबीचे खंड ओतून तयार केले जातात. त्यांची रीत मोठी नामी आहे. पहिला खंड सुकला की त्याचाच चेहरा साच्याची एक भिंत म्हणून वापरून दुसरा खंड ओततात, आणि दुसऱ्याला लागून तिसरा. फोडलेल्या नारळाची दोन भकले जशी एकमेकांशीच जुळतात, दुसऱ्या नारळाशी जुळत नाहीत, तसा प्रत्येक खंड आपल्या शेजाऱ्याशीच जुळतो. म्हणून प्रत्येकावर क्रमांक घातलेला असतो. रात्री हे खंड लांबलचक ट्रकांवरून येतात आणि दोन खांबांवर पसरलेली ‘लाँचिंग गर्डर’ नावाची पोलादी यारी त्यांना एकामागून एक उचलून लटकावते. सांध्यांना रासायनिक लुकण लावतात, आतील नळ्यांमधून पोलादी दोर ओवतात आणि ते दोर जलशक्तीच्या जॅकने ताणतात. दोन्ही टोकांनी घट्ट दाबून धरलेली पुस्तकांची ओळ मधल्या पुस्तकांना आधार नसताही जशी उचलता येते, तशीच ही तुळई स्वतःला पेलते. एका गाळ्याचे काम झाले की यारी स्वतःच्याच पायांवर पुढच्या खांबाकडे सरकते.

साधारण तीस मीटरांच्या गाळ्यासाठी ही पद्धत उत्तम चालते. रस्ता त्याहून रुंद असला, तिरका ओलांडायचा असला किंवा त्यावर आधीच उड्डाणपूल असला म्हणजे मात्र ती अपुरी पडते.

येथे मराठी श्रोत्यांना एका जवळच्या ठिकाणाची आठवण देणे योग्य होईल. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळ पानवल नदीचा पूल आहे; उंची ६४ मीटर, लांबी ४२४ मीटर. एवढ्या उंचीवर परांची बांधणे शक्यच नव्हते. तेव्हा पुलाची तुळई दरीच्या काठावर तुकड्यातुकड्याने ओतण्यात आली आणि तयार झालेला भाग जॅकने खांबांवरून पुढे ढकलण्यात आला. भारतात ही पद्धत तेथे प्रथम वापरली गेली. कोकण रेल्वेचे प्रमुख ई. श्रीधरन हे पुढे दिल्ली मेट्रोचे प्रमुख झाले, आणि शाहदऱ्याच्या मार्गावर यमुनेवरील ५५३ मीटर लांबीचा पूल याच रीतीने काठावरून ढकलत नेण्यात आला. कोकणातील दरीने शिकवलेली युक्ती अशी दिल्लीच्या नदीवर उपयोगी पडली.

रस्त्यावर मात्र बहुधा दुसरी युक्ती योजावी लागते. तिला कावडीची युक्ती म्हणता येईल. रस्त्याच्या दोन कडांना दोन खांब उभे करतात आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावरून दोन्ही दिशांना एकेक खंड जोडत जातात. उजवीकडे एक, डावीकडे एक. कावडीची दोन्ही पारडी सारखी भरत जावी तसे. शेवटी दोन्ही खांबांचे हात रस्त्याच्या मध्यावर हवेत भेटतात. दोन हातांच्या टोकांमध्ये काही अंगुळांचे अंतर उरलेले असते तेव्हा मोजमाप पहाटेच्या गारव्यात करतात, कारण दुपारच्या उन्हात काँक्रीट प्रसरण पावून टोके हलतात.

या हातांना वरून तिरप्या पोलादी दोरांचा आधार दिला की गाळा आणखी लांबविता येतो. उंच मनोऱ्यांपासून निघालेल्या दोरांनी पेललेले पूल सर्वांच्या परिचयाचे आहेत. मुंबई मेट्रोच्या वर्सोवा-घाटकोपर मार्गाने पश्चिम द्रुतगती महामार्ग अशाच पुलावरून ओलांडला आहे आणि तो मार्ग जून २०१४ पासून चालू आहे. दिल्लीत अभियंत्यांनी त्याच्या धाकट्या भावाची निवड केली. ‘एक्स्ट्राडोज्ड’ नावाच्या या प्रकारात मनोरे ठेंगणे असतात आणि दोर फारच कमी चढाचे असतात. भार थोडा तुळई घेते, थोडा दोर घेतात. फ्रेंच अभियंता झाक मातिव्हा यांनी १९८८ साली ही कल्पना मांडली आणि जपानमध्ये १९९४ साली ती प्रथम प्रत्यक्षात आली. प्रगती मैदान आणि इंद्रप्रस्थ या स्थानकांमधील पुलाचा मधला गाळा ९३ मीटरांचा आहे. त्याच्याखाली रस्ता नसून रेल्वेचे रूळ आहेत, पण अडचण तीच: खालची वाहतूक थांबवायची नाही. मूळचंद येथे तर रिंग रोडच्या उड्डाणपुलाच्याही वरून जाणारा असाच पूल बांधावा लागला. त्याचा मधला गाळा ६५.५ मीटरांचा आहे. धौला कुआंजवळ मेट्रोचा एक मार्ग मेट्रोच्याच विमानतळ मार्गाच्या वरून २३.६ मीटर उंचीवरून जातो. तो १४ मार्च २०१८ रोजी खुला झाला. पुढे चौथ्या टप्प्यात हैदरपूर बादली मोड येथे ही उंची २८.३६ मीटरांवर गेली. रस्त्यावर उड्डाणपूल, उड्डाणपुलावर मेट्रो आणि मेट्रोवर आणखी एक मेट्रो असा हा थर चढतो आहे. खालच्या थराला उसंत नसते म्हणून वरचा थर उंच जातो.

रात्रीच्या ज्या ओहोटीचा आरंभी उल्लेख केला ती दिल्लीत इतर शहरांइतकी निवांतही नसते. मालवाहू ट्रकांना शहरात दिवसा मज्जाव असल्यामुळे मोटारी घरी गेल्या की ट्रक रस्त्यावर येतात. म्हणजे ज्या वेळी अभियंत्याला रस्ता हवा असतो, नेमक्या त्याच वेळी दिल्लीला भाजी, दूध, सिमेंट पोहोचविणाऱ्यांनाही तो हवा असतो. वाहतूक पोलिसांकडून मिळालेली मुदत तासांत मोजलेली असते. मध्यरात्रीच्या सुमारास वाहने वळविली जातात, यारी हलू लागते आणि उजाडण्यापूर्वी रस्ता झाडून, धुऊन मोकळा करून द्यावा लागतो. उचललेला खंड अर्धवट लटकत ठेवता येत नाही, म्हणून अमुक वाजल्यानंतर नवा खंड उचलायचाच नाही, असा नियम असतो. रस्ता उशिरा मोकळा झाला तर सकाळी सारे शहर ओरडते. मुकादमावर घाई करण्याचा दाब येतो तो याच ठिकाणी.

या दाबाखाली काय घडू शकते हे दिल्लीने दोनदा पाहिले. १९ ऑक्टोबर २००८ रोजी लक्ष्मीनगर येथे सुमारे ४०० टन वजनाचा गाळा चढविला जात असता लाँचिंग गर्डर कोसळली आणि ३४ मीटर लांबीच्या गाळ्यासह खालून चाललेल्या बसवर पडली. बसचा चालक आणि एक मजूर असे दोघे मरण पावले. वर्ष उलटण्यापूर्वीच, १२ जुलै २००९ रोजी पहाटे, दक्षिण दिल्लीत जमरुदपूर येथे ६७ क्रमांकाच्या खांबाची टोपी निखळली आणि तिच्यावर उभी असलेली यारी खंडांसह खाली आली. सहा जण मृत्युमुखी पडले, पंधरा जखमी झाले. दुसऱ्या दिवशी ढिगारा उचलताना एक क्रेन कलंडली आणि तिच्या धक्क्याने आणखी दोन आडव्या झाल्या. जमरुदपूरची टोपी ही एकाच बाजूस पुढे आलेली, सज्जासारखी टोपी होती. तिच्यावर पूर्वीच तडे दिसले होते, दुरुस्ती करून काम पुढे नेण्यात आले होते, आणि चौकशीत मुख्य उणीव आढळली ती आरेखनात.

हे दोन्ही दिवस रविवार होते. रविवारची सकाळ निवडली जाते ती रस्ता रिकामा असतो म्हणून, आणि या निवडीने कित्येक वाटसरूंचे प्राण वाचले असतील यात शंका नाही. परंतु वेळेची निवड रस्त्यावरून जाणाऱ्याचे रक्षण करते; यारीखाली उभ्या असलेल्या कामगाराला तिचा काहीच उपयोग नसतो. उलट सारी रात्र जागलेला तो माणूस पहाटे सर्वांत थकलेला असतो. बिहार, झारखंड, बंगाल या प्रांतांतून आलेल्या, पत्र्यांआड राहणाऱ्या अशा हजारो मजुरांची गणना उद्घाटनाच्या फलकावर कधीच होत नाही.

जमरुदपूरच्या दुर्घटनेची नैतिक जबाबदारी आपली असल्याचे सांगून श्रीधरन यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मागे घेतला. हा नुसता उपचार होता, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. परंतु तडा दिसल्यानंतर काम थांबवायचे की दुरुस्ती करून पुढे न्यायचे, हा निर्णय शेवटी कोणाच्या नावावर लिहिला जातो, याचे उत्तर त्या राजीनाम्याने निदान एका दिवसापुरते तरी स्पष्ट दिले. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा १५ महिन्यांवर आल्या होत्या. मुदतीचा धाक साऱ्या शहरावर होता. ३ ऑक्टोबर २०१० रोजी, म्हणजे स्पर्धांच्या उद्घाटनाच्याच दिवशी, केंद्रीय सचिवालय ते सरिता विहार हा मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला.

आता बसमधील तो प्रवासी बहुधा मेट्रोनेच जातो. मूळचंदचा पूल ओलांडण्यास त्याला काही क्षण लागतात; ठेंगण्या मनोऱ्यांचे दोर खिडकीतून झर्रकन मागे सरतात आणि खाली उड्डाणपुलावर मोटारींची रांग तशीच उभी दिसते. शेवटची गाडी गेल्यावर तारेतील २५,००० व्होल्टचा प्रवाह बंद केला जातो आणि विजेऱ्या घेतलेली माणसे मार्गावर चढतात. तुळई आणि टोपी यांच्यामध्ये गिरदीसारखे आधार, ज्यांना बेअरिंग म्हणतात, बसविलेले असतात. पुलाचे आयुष्य शंभर वर्षांचे धरले तरी या आधारांचे तितके नसते. ते झिजतात आणि बदलावे लागतात. तो दिवस उजाडला म्हणजे तुळई जॅकने किंचित उचलावी लागेल, खाली पत्रे उभे करावे लागतील, आणि रिंग रोडकडे पुन्हा एकदा रात्रीचे चार तास मागावे लागतील.