मोरजीच्या वाळूवरील एक संभाषण



गेल्या थंडीत मोरजीच्या किनाऱ्यावर रापण ओढून बसलेल्या एका वृद्ध काकांशी बोलताना कासवांचा विषय निघाला. एकेका घरट्यात शंभरएक अंडी. पिल्ले निघायला दीड-दोन महिने. "मास्तर, लहानपणी ती आम्ही उकरून खाल्ली, विकलीही," ते म्हणाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वनखात्याबरोबर गावकरी पहाऱ्यास बसू लागले, त्यांत हेही होते.

"कायद्याला भ्यालात?" मी शिक्षकी खाक्याने विचारले.

"छे! नातू विचारी, आजोबा, कासव कुठे असते? त्याला दाखवायला एक गवसेना."

पुढे मी वर्गातील मुले नेली, तेव्हा काकांनी आधी सर्वांच्या बॅटऱ्या विझवायला लावल्या. पिल्ले उजेडाकडे वळतात. माझीही विझवली.