अरण्याचे मोल आणि नीरेचे पाणी

(लोणंद येथील व्याख्यानाचा मजकूर)



आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरेच्या पात्रात स्नान घातले जाते आणि मग पालखी लोणंदला विसावते. हे पाणी कोठून येते, असा प्रश्न त्या गर्दीत सहसा कोणी विचारीत नाही. लोणंदवरचे आभाळ तसे कृपणच! तरीही या परिसरात ऊस डोलतो आणि बाजारात कांद्याच्या थप्प्या लागतात. यामागे भोर तालुक्यातील सह्यशिखरांवर कोसळणारा पाऊस आहे. १९२८ साली पूर्ण झालेले भाटघर आणि त्यानंतरचे वीर या धरणांनी पाणी अडविले, कालव्यांनी ते शिवारापर्यंत आणले. परंतु धरणाच्याही आधी ते धरून ठेवते ते घाटमाथ्यावरचे अरण्य.

दाट पानोळ्याखाली पावसाचा मारा सौम्य होतो. पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेली माती पाणी जिरविते आणि झऱ्यांवाटे ते सावकाश सोडते. रान तुटले की तेच पाणी माती घेऊन धावत सुटते. धरणात गाळ साचतो, साठा घटतो. तोडलेल्या लाकडाची रक्कम ठेकेदाराच्या वहीत जमा होते; घटलेल्या पाण्याचा खर्च मात्र कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही.

पाश्चात्त्य अर्थशास्त्राला ही चूक उशिरा उमगली. रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली निसर्गाच्या जगभरातील वार्षिक सेवांचे मूल्य सुमारे ३३ लाख कोटी डॉलर मांडले. ते त्या वेळच्या जागतिक उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट होते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने वनजमिनीचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ वसूल करण्याचे तत्त्व रुजविले. २००८ साली हे दर हेक्टरी सुमारे ४.३८ ते १०.४३ लाख रुपये होते. २०२२ साली ते वाढविण्यात आले.

हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण त्यात एक धोका दडलेला आहे. मूल्य भरले म्हणजे तोडीचा परवाना मिळाला, अशी समजूत रूढ होऊ पाहते. घाटमाथ्यावरचे जंगल जाते आणि भरपाईची रोपे दूर कोठेतरी लागतात. त्या रोपांनी नीरेचे झरे पुन्हा वाहू लागत नाहीत.

पूर्वजांनी हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडला होता. देवाच्या नावाने रान राखले, त्याला देवराई म्हटले आणि तेथील काटकीही उचलू दिली नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व विद्वज्जगतासमोर आणले. ती अंधश्रद्धा नव्हती. पुढील पिढ्यांच्या ठेवीला लावलेले ते कुलूप होते. सृष्टीचे दोहन करावे, शोषण नव्हे, हा या भूमीचा संस्कार त्यात होता.

तथापि, केवळ पूर्वजांचा गौरव करून भागणार नाही. घाटमाथ्यावरील गावकऱ्यांनी कुऱ्हाड आवरावी आणि खालच्यांनी पाणी उपसावे, हा न्याय एकतर्फी आहे. रान राखणाऱ्याच्या घरी वन उत्पादनाचा रास्त भाव, शाळा आणि रोजगार पोहोचला पाहिजे. त्यासाठी लाभक्षेत्राने आपला वाटा उचलला पाहिजे. पाणीपट्टी भरल्याने कालव्याचे देणे फिटते. अरण्याचे ऋण शिल्लकच राहते. ते फेडण्याचा संकल्प नीरेकाठच्या लोणंदने करावा, हेच उचित होय.