पट्टीचे पाहुणे

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ तिथं जाऊन मालिका जिंकून आला आणि सुनील गावसकरांनी चार कसोट्यांत ७७४ धावा काढल्या, हे आपल्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाऊन, किंग्स्टन ही नावं आपल्या कानांवर आली ती मैदानांच्या निमित्तानं. पण त्या कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवरची माणसं आज पोट कशावर भरतात, असं कुणी विचारलं तर? उत्तर क्रिकेट नव्हे. ज्या साखरेपायी ही बेटं एके काळी साऱ्या युरोपात गाजली, ती साखरही आता नव्हे. पुष्कळ बेटांच्या बाबतीत उत्तर एकच : पाहुणे. डोमिनिकन रिपब्लिक या एका देशात २०२३ साली विमानानं आणि जहाजानं मिळून एक कोटीहून अधिक पाहुणे उतरले. देशाची लोकसंख्याच मुळी एक कोटी दहा लाखांच्या आसपास. जेवढे यजमान, जवळजवळ तेवढेच पाहुणे!

यांतल्या एका विशिष्ट जातीच्या पाहुण्यांबद्दल मी आज बोलणार आहे. त्यांना ओळखायची खूण सोपी आहे. त्यांच्या मनगटावर प्लॅस्टिकची किंवा कापडाची एक रंगीत पट्टी असते. हॉटेलात पाऊल टाकलं की ती बांधतात आणि घरी परत निघेपर्यंत ती काढायची नसते. आंघोळ करा, समुद्रात पोहा, झोपा, पट्टी हातातच.

ही काय भानगड आहे, ते आपल्याला समजायला अवघड नाही. खेड्यातली मुलं शहरात शिकायला येतात तेव्हा महिन्याची खाणावळ लावतात. पैसे आगाऊ भरायचे, मग रोज ताटावर बसायचं. चपात्या किती खाल्ल्या हे कुणी मोजत नाही. या खाणावळीला राहण्याची खोली जोडा, समुद्र जोडा, दिवसरात्र वाहणारी दारू जोडा, नाचगाणं, होड्या, पोरांना सांभाळायला बाई, आणि बहुधा येण्याजाण्याचं विमानही जोडा. या सगळ्याची एक रक्कम, घरी बसल्या भरलेली. इंग्रजीत याला ‘ऑल-इन्क्लूझिव्ह’ म्हणतात. आपण ‘एकरकमी हॉटेल’ म्हणू.

कल्पना मूळची कॅरिबियन नव्हे. १९५० साली जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या एका बेल्जियन गृहस्थानं स्पेनच्या मायोर्का बेटावर ‘क्लब मेड’ची पहिली छावणी उभारली. लष्करानं टाकून दिलेले तंबू, सगळ्यांची एक पंगत. पुढं तिथं गळ्यात मण्यांची माळ घालायची रीत पडली. पेय हवं तर मणी काढून द्यायचा. नुकतंच महायुद्ध संपलेलं, रेशनला विटलेली माणसं. पैशाचं तोंड आठवडाभर बघायला नको, हेच त्यांना केवढं सुख वाटलं असेल!

जमैकात ही कल्पना रुजली ती मात्र वेगळ्या कारणानं. १९७६ साली तिथं आणीबाणी पुकारली गेली होती. १९८० च्या निवडणुकीत तर शेकडो माणसं मारली गेली. परदेशी पाहुण्याला हॉटेलबाहेर पडायची धास्ती वाटू लागली. तेव्हा हॉटेलवाल्यांनी विचार केला, की पाहुण्यानं बाहेर पडावंच कशाला? जॉन इसा यांनी १९७८ साली ओचो रिओस इथं केवळ जोडप्यांसाठी असं हॉटेल काढलं. १९८१ साली गॉर्डन स्टुअर्ट या जमैकन व्यापाऱ्यानं माँटेगो बेमधलं एक जुनं हॉटेल घेतलं आणि ‘सँडल्स’ नावानं चालू केलं. हा गृहस्थ मूळचा वातानुकूलन यंत्रं विकणारा. त्याच्या हॉटेलांत बहुतेक नोकरांना बक्षिसी घ्यायलाही मनाई. पाहुण्यानं खिशात हात घालायचाच नाही. २०२१ मध्ये स्टुअर्ट वारला, तोवर बेटाबेटांवर त्याची हॉटेलं झाली होती. एका अर्थी भिंत आधी आली आणि सुखसोयी नंतर, हे आपण लक्षात ठेवू.

आता पाहुण्याचा दिवस कसा जातो? पहाटे काही पाहुणे गुपचूप उठतात, खाली जातात, पोहण्याच्या तलावाकाठच्या चांगल्या सावलीतल्या आरामखुर्च्यांवर टॉवेल टाकतात आणि पुन्हा येऊन झोपतात. आपल्याकडं नळावर हंडे-कळशा रांगेत लावून बायका घरी जातात, तोच प्रकार! यावरून भांडणंही होतात. सकाळी नाश्ता, टेबलंच्या टेबलं मांडलेली. पपई, अननस, कलिंगड, अंडी दहा तऱ्हांची, पाव वीस तऱ्हांचे. मग समुद्र. मग तलाव. तलावातच दारूचा गुत्ता. कमरेएवढ्या पाण्यातल्या दगडी स्टुलावर बसून रम प्यायची. मग दुपारचं जेवण. मग झोप. मग गाणी, खेळ, कुणीतरी उत्साही तरुण माइकवर ओरडून सगळ्यांना नाचायला लावतो. पहिल्या दिवशी माणूस अधाशासारखं खातो. तिसऱ्या दिवशी ताटात टाकतो. पाचव्या दिवशी त्याला वरणभात, म्हणजे त्याचा त्याचा वरणभात, आठवू लागतो.

याची थट्टा करणं सोपं आहे. पण वर्षाचे पन्नास आठवडे कारखान्यात नाहीतर कचेरीत राबलेला माणूस, ज्याला प्रत्येक गोष्ट घेताना मनाशी बेरीज करावी लागते, तो आपल्या पोराला ‘घे रे तुला काय हवं ते’ असं म्हणू शकतो, तेही सात दिवस सलग! ही चैन त्या खोलीपेक्षा, त्या रमपेक्षा मोठी आहे. ज्यानं बाजारात पोराचा हात फुग्यावरून ओढून काढला आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

माझा एक जुना विद्यार्थी कॅनडात टोरांटोला असतो. तिथं फेब्रुवारीत बर्फ साचलेलं; चार-साडेचार तासांच्या विमानप्रवासात डोमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना येतं. तो बायकोमुलांना आणि आईला घेऊन गेला होता. आई सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातली, जन्मात हॉटेलात राहिलेली नव्हती. तिनं पहिल्या सकाळी उठून सगळ्यांची अंथरुणं आवरून ठेवली. आपलं अंथरूण दुसऱ्यानं उचलावं हे तिला पटेना. खोली झाडायला आलेली बाई बघतच राहिली. मग हसली, आणि तिनं टॉवेल मुडपून त्याचा एक हंस करून पलंगावर ठेवला. असे हंस करणं तिथल्या कामाचाच भाग असतो. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं तो हंस उलगडून नीट घडी घालून ठेवला! भाषा एकमेकींना येत नाही. पण चार दिवसांत बोटांनी मुलं किती, मोठा केवढा, हे सगळं बोलून झालं. मोबाइलवरचे फोटो दाखवून झाले. मग म्हातारीनं मुलाला विचारलं, “हिचं गाव कुठाय रं? बघून येऊ.”

पोरगा म्हणाला, “सर, मी हॉटेलातली सहलींची पाटी वाचली. डॉल्फिनबरोबर पोहणं होतं, शिडाची होडी होती, तारेवरून लोंबकळत जाणं होतं. गाव नव्हतं.”

शेवटी त्यांनी टॅक्सी केली आणि इगुएला गेले. हॉटेलांतली पुष्कळ नोकरमाणसं त्या शहरात राहतात आणि पहाटे बसनं कामावर येतात. तिथं आल्ताग्रासियाच्या मातेचं मोठं देऊळ आहे, १९७१ मध्ये बांधून पुरं झालेलं. दर २१ जानेवारीला देशभरातून लोक तिथं दर्शनाला लोटतात. म्हातारीला ते लगेच समजलं. मेणबत्तीवाल्या, फुलवाल्या, पायरीवर बसलेले भिकारी, सगळं ओळखीचं. बाजारात तिनं डझनभर केळी घेतली आणि घासाघीस केली. मुलगा म्हणाला, पाच दिवसांत पाकीट पहिल्यांदा उघडलं ते त्या केळ्यांसाठी.

मला हे ऐकून जे वाटलं ते तुम्हाला सांगतो. पाच दिवस पाकीट उघडलं नाही, हे पाहुण्याचं सुख आहे. आणि पाच दिवस पाकीट उघडलं नाही, हेच केळीवालीचं दुःख आहे. दोन्ही एकाच पट्टीला बांधलेलं. एकदा सगळे पैसे भरले, की बाहेरच्या टपरीवरचा तळलेला मासा, तो स्वस्त असला तरी महागच वाटतो. आत फुकट आहे ना! टॅक्सीवाला, लहान खाणावळवाला, लाकडाची कासवं कोरून विकणारा, हे सगळे त्या हिशेबाबाहेर पडतात. हॉटेलच्या पुळणीवर एक दोरी बांधलेली दिसते. दोरीजवळ पहारेकरी. पलीकडून विक्रेता हाका मारतो; अलीकडचा पाहुणा आरामखुर्चीवर डोळे मिटून पडतो.

मग पैसा जातो कुठं? टोरांटोत भरलेल्या रकमेतून प्रवास कंपनीचा वाटा तिथंच राहतो, विमान कंपनीचाही. पुंता कानातली पुष्कळ मोठी हॉटेलं स्पॅनिश कंपन्यांची, नफा तिकडं. ताटातलं कितीतरी बाहेरून आणलेलं : मांस, चीज, दारू. बेटावर राहतो तो पगार, काही कर, वीजपाण्याचं बिल. हे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. खोली झाडणाऱ्या त्या बाईला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, आणि ऊस तोडणाऱ्या तिच्या आजीला वर्षातले निम्मे महिने काम नसायचं.

शेतकरी श्रोत्यांच्या मनात इथं एक प्रश्न आला असेल. हॉटेलात रोज हजार माणसं जेवतात, मग भोवतालच्या शेतकऱ्याची चंगळ का होत नाही? कारण हॉटेलाला टोमॅटो हवा तो बारमाही, रोज ठरल्या वेळी, सगळा एका आकाराचा. डोंगरउतारावर एकरभर जमीन कसणाऱ्याचं पीक मात्र सगळं एकदम येतं, नाहीतर येतच नाही. वादळ झालं तर विषय संपला. शिवाय हॉटेल बिल चुकवणार काही आठवड्यांनी, आणि याला खताचे पैसे आज हवेत. मायामीहून येणारा डबा काही बोलत नाही, उधारीवर येतो आणि वेळेवर येतो. काही हॉटेलांनी स्थानिक शेतकऱ्यांशी करार करून भाजी-फळं घ्यायला सुरुवात केली आहे. जिथं मध्ये कुणी माल गोळा करणारा, साठवणारा उभा राहतो तिथं ते जमतं. आपल्याकडच्या सहकारी संघांत काम केलेल्यांना यात नवीन काही नाही.

इतिहासाच्या शिक्षकांना आणखी एक गोष्ट दिसेल. मळेवाल्यांच्या काळीही असंच होतं. जमैकाची उत्तम जमीन उसाखाली. गुलामांना खायला खारवलेला मासा उत्तर अमेरिकेतून जहाजानं यायचा. तो मासा आणि ‘अकी’ नावाचं फळ मिळून आज जमैकाचं राष्ट्रीय पक्वान्न झालं आहे. गुलामी संपल्यावर मळ्यांवर आपली माणसं गेली. १८४५ पासून सुमारे ३६ हजार हिंदी मजूर करारावर जमैकात उतरले. हॉटेलच्या जेवणात ‘करी गोट’ नावाचा बोकडाचा रस्सा असतो, तो त्यांचा वारसा. माँटेगो बेजवळचा रोझ हॉल हा जुना मळा. त्या जमिनीवर आज हॉटेलं आहेत. तेव्हाही फाटक होतं, आताही आहे. फरक नाही असं नव्हे. आजचा नोकर संध्याकाळी घरी जातो, आणि नोकरी सोडूही शकतो. पण फाटकाच्या आतबाहेर करण्याची त्या बेटाला जुनी सवय आहे.

सगळ्यांत मोठा प्रश्न मात्र समुद्राचा. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये १९६८ च्या कायद्यानं भरतीरेषेपासून ६० मीटरची पट्टी सार्वजनिक आहे. चांगलं आहे, पण तिथवर जायचा रस्ता हॉटेलच्या फाटकातून जात असेल तर? बार्बाडोसमध्ये सगळे किनारे लोकांचे मानले जातात. जमैकात तसं नाही. तिथला किनाऱ्यांचा कायदा १९५६ चा, म्हणजे इंग्रजी अमलातला. त्यानं किनारा सरकारचा ठरवला, आणि लोकांना तिथं जाण्यापोहण्याचा सरसकट हक्क दिला नाही. स्वातंत्र्य १९६२ साली आलं, कायदा राहिला.

२०२१ साली तिथल्या काही नागरिकांनी ‘जमैका बीच बर्थराइट एन्व्हायर्नमेंटल मूव्हमेंट’ नावाची चळवळ सुरू केली, आणि मॅमी बे, बॉब मार्ली बीच अशा किनाऱ्यांसाठी ते कोर्टात गेले. त्यांच्या हातात एक जुना आधार आहे, १८८२ चा कायदा. लोक एखाद्या किनाऱ्यावर सलग वीस वर्षं मासेमारीसाठी, आंघोळीसाठी, करमणुकीसाठी बिनहरकत जात आले असतील, तर तो किनारा आणि तिथं जाणारी वाट त्यांना बंद करता येत नाही, असं तो म्हणतो. आपल्या भाषेत वहिवाट! बांधावरून बैलगाडी नेण्यासाठी ज्यांनी मामलेदार कचेरीत खेटे घातले आहेत, त्यांना हे दावे कसे चालतात ते मी सांगायला नको. तिथं सातबारा दाखवून भागत नाही. गावच्या माणसांनी उभं राहून सांगावं लागतं, की माझे वडील इथं होडी लावायचे, मी इथं पोहायला शिकलो, आणि त्या वेळी या वाटेवर कुणी आमचं मनगट तपासत नव्हतं.