मुलींचा मधुमेह व हृदयाचे रक्षण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात छत्रपती संभाजीनगर येथे केलेले भाषण)



वधूवर परिचयापूर्वी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही वैद्य नव्हे. जन्मभर हाती खडू धरलेले शिक्षक आहोत. तथापि जाणत्यांनी शोधलेली गोष्ट सोपी करून सांगणे हा शिक्षकाचाच धर्म होय. आजचा विषय आहे तरुण मुलींचा मधुमेह.

मधुमेह म्हणजे रक्तातील साखर, एवढेच आपण जाणतो. परंतु साखरेच्या आड आणखी दोन गोष्टी घडत असतात. पहिली गोष्ट दाहाची. जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते. ती शरीराच्या रक्षणाचीच व्यवस्था आहे. मात्र पोटाभोवती चरबी साठून जडणाऱ्या मधुमेहात असा दाह सर्व शरीरात, राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे, मंदपणे धुमसत राहतो. तो दिसत नाही, दुखत नाही. पण रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर त्याने बिघडते. यकृतात तयार होणारे सीआरपी नावाचे प्रथिन रक्तात वाढले, म्हणजे डॉक्टरांस त्याचा सुगावा लागतो.

दुसरी गोष्ट कोलेस्टेरॉलची. त्यातील एचडीएल यास चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात. कारण ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे पोचविते. स्त्रियांत ते स्वभावतःच अधिक असते. म्हणून पुरुषांस ४० आणि स्त्रियांस ५० ही खालची मर्यादा मानतात. ह्या मधुमेहात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, तिच्याशी देवघेव होऊन एचडीएलचे कण लहान होतात व लवकर नाहीसे होतात. उरलेल्यांची शक्तीही दाहामुळे क्षीण होते. चोर घरात शिरावा आणि त्याच रात्री राखणदार आजारी पडावा, तशी ही गत!

निसर्गाने तरुण स्त्रीच्या हृदयास दिलेले संरक्षण अशा रीतीने हिरावले जाते. साडेआठ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून २०१४ साली असे दाखविण्यात आले की, मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका पुरुषांत २.१६ पट, तर स्त्रियांत २.८२ पट होतो.

“आमची मुलगी सडपातळ आहे, तिला कसला मधुमेह?” असे म्हणू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! महाराष्ट्रासह चार प्रदेशांत झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शेकडा ७२ लोकांचे एचडीएल कमी आढळले.

लहानपणीच इन्सुलिन आटून होणारा मधुमेह निराळा. त्यात एचडीएलचा आकडा चांगला दिसू शकतो. पण तेवढ्याने निश्चिंत होऊ नये.

आता मुद्द्याची गोष्ट. “झाकली मूठ सव्वा लाखाची” ही म्हण दुखण्यास लागू करू नका. स्थळ हातचे जाईल म्हणून आईबाप मुलीचा आजार लपवितात. मग सासरी ती गोळ्या चोरून घेते, तपासणी टाळते. ज्या मुलीस इन्सुलिन लागते तिने ते बंद केले तर थोड्याच दिवसांत प्राणावर बेतते. वरपक्षासही आमची विनंती आहे की, सत्य सांगणाऱ्या घरास नाकारू नका. आज ज्यांनी कळविले, त्यांनी विश्वासाचा पाया घातला.

मधुमेह असलेल्या मुलीने साखरेबरोबर रक्तातील चरबीचीही तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. येथील घाटी रुग्णालय सर्वांस खुले आहे. गरोदरपणी साखर वाढलेल्या भगिनींनी बाळंतपणानंतरही तपासत राहावे. कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी. आठवड्यास दीडशे मिनिटे भरभर चालावे. हिमायत बाग आहे, सिद्धार्थ उद्यान आहे. सुनेस सकाळी तेवढी सवड देणे हे सासूबाईंचे काम! मिश्री सोडावी. केवळ एचडीएलचा आकडा वाढविणाऱ्या औषधांचे मोठे प्रयोग झाले, पण त्यांनी हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. म्हणून सवयी सुधारणे हाच राजमार्ग होय.

मुलीचे दुखणे हा कुळाचा कलंक नव्हे. ते उघडपणे सांगण्याचे धैर्य तिला आपण सर्वांनी द्यावे, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.