पिओ पिको : कॅलिफोर्नियाचे शेवटचे मेक्सिकन गव्हर्नर

स्पेनच्या ताब्यातल्या कॅलिफोर्नियात, सॅन गॅब्रिएल मिशनमध्ये, म्हणजे कॅथलिक धर्मप्रसारकांच्या वसाहतीत, १८०१ साली एका सैनिकाच्या घरी पिओ पिको जन्मले. अंगात आफ्रिकी, स्थानिक आणि स्पॅनिश असं तिन्हींचं रक्त. १८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला आणि कॅलिफोर्निया त्याचा भाग बनला. पुढे पिको राजकारणात शिरले, १८३२ साली काही दिवस आणि मग १८४५ मध्ये पुन्हा गव्हर्नर झाले. राजधानी त्यांनी लॉस एंजेलिसला आणली आणि अशा मिशनांच्या जमिनी विकायला काढल्या. त्या जमिनींवर राबलेल्या मूळ रहिवाशांच्या पदरात मात्र फारसं काही पडलं नाही. हा त्यांच्या कारभारावरचा मोठा डाग आहे, असं मला वाटतं.

१८४६ मध्ये अमेरिकी फौजा आल्या आणि पिको मेक्सिकोत निघून गेले. दोन वर्षांनी परतले, ते परक्या राजवटीत. तरी उमेद खचली नव्हती. १८७० साली त्यांनी लॉस एंजेलिसच्या जुन्या चौकात तीन मजली, कमानदार ‘पिको हाउस’ हॉटेल उभारलं. पुढे कर्ज झालं. इंग्रजी न येणाऱ्या पिकोंनी तारण समजून एका कागदावर सही केली. तो निघाला विक्रीचा करार! खटला ते हरले, राहती जमीन गेली. १८९४ साली ते वारले तेव्हा हाती जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. पिको हाउसची इमारत आजही उभी आहे.